‘रिबिल्ट’ गिअरबॉक्स म्हणून माझ्या इम्पालाला काय बसवलं गेलं

1964 ची शेवरले इम्पाला मी घेतली ती बाबांसाठी. तरुणपणी ते मुंबईत एका गिरणीमालकांकडे ड्रायव्हर होते आणि शेठची इम्पाला त्यांनी सहा वर्षं चालवली. त्या गाडीबद्दल ते आजही बोलतात तसं आपल्या घरातल्या कुठल्या माणसाबद्दल बोलत नाहीत. मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. गाडी मिळाली ती एका वयस्क गृहस्थांकडे, 283 घनइंची व्ही-8 आणि कारखान्यातून आलेला दोन गिअरचा पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक, दोन्ही जसेच्या तसे.

पॉवरग्लाइड शहरात लोण्यासारखा चालतो. फ्रीवेवर मात्र ताशी 65 मैलांच्या वेगाला इंजिन मिनिटाला 2,700 फेऱ्यांच्या आसपास ओरडत राहतं. म्हणून जुन्या शेवरलेवाले त्याजागी 700आर4 घालतात. जनरल मोटर्सनं 1982 मध्ये आणलेला हा चार गिअरचा ऑटोमॅटिक. पहिल्या गिअरचं गुणोत्तर 3.06, म्हणजे उचल चांगली, चौथा 0.70, म्हणजे त्याच वेगाला फेऱ्या 1,900 वर येतात. शेवरलेच्या जुन्या स्मॉल ब्लॉक व्ही-8 इंजिनला (माझं 283 त्यातलंच) तो थेट जोडता येतो. 1975 पर्यंतच्या गाड्यांना कॅलिफोर्नियात स्मॉग (धुराची) तपासणी नसल्यामुळे कायद्याचीही आडकाठी नाही. गिअरबॉक्स बदलायचा विचार चुकीचा नव्हता, हे मी आजही म्हणेन. चुकलं ते माणूस ओळखण्यात.

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेला, ईस्ट बेमधल्या त्या गॅरेजचं नाव इथं लिहीत नाही. मालक साठीचा, गोड बोलणारा. भिंतीवर जुन्या गाड्यांचे फोटो. बाबांची गोष्ट ऐकून त्याचे डोळे पाणावले, आणि तिथंच मी सैल पडलो. 1964 च्या इम्पालाची चासी एक्सच्या आकाराची असते आणि मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा. 700आर4 पॉवरग्लाइडपेक्षा सुमारे तीन इंच लांब असल्यानं मागचा आधार सरकवावा लागतो आणि शाफ्टचा पुढचा तुकडा कापून बॅलन्स करावा लागतो. हे सगळं त्यानं मला कागदावर चित्र काढून समजावलं. ज्ञान त्याच्याकडे होतं. म्हणूनच त्याचा जास्त राग येतो.

एस्टिमेट 5,200 डॉलरचं. त्यात लिहिलं होतं: 1988 चा रिबिल्ट (उघडून नव्यानं बांधलेला) 700आर4, नवा लॉकअप टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग; लॉकअप लागलं की तो घसरत नाही), लॉकअपचं वायरिंग, वेगळा ऑइल कूलर, टीव्ही केबल (तिच्याबद्दल पुढे सांगतो) आणि तिचा ब्रॅकेट, शाफ्टचं काम. 2,500 डॉलर आगाऊ दिले. तीन आठवडे म्हणाला होता, अकरा लागले. गाडी हातात आली तेव्हा खालून चकचकीत चंदेरी गिअरबॉक्स दिसला. मी उरलेले पैसे दिले आणि गाडी घेऊन आलो.

त्या चंदेरी रंगावर मी विश्वास ठेवला. तुम्ही ठेवू नका.

430 मैल झाले होते. बाबा पुण्याहून आले होते, त्यांना प्लेझंटनला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन दाखवायला निघालो. 680 फ्रीवेवर सुनोलच्या चढाला गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती. अचानक इंजिनचा आवाज चढला, पण वेग वाढेना. बाबांनी काच खाली केली आणि म्हणाले, “अरे, क्लच जळतोय. बाजूला घे.” त्यांना त्या वासाला दोन सेकंदसुद्धा लागली नाहीत. डिपस्टिक काढली तर तेल कॉफीच्या रंगाचं. टो ट्रक येईपर्यंत 82 वर्षांचा माणूस फ्रीवेच्या कडेला दीड तास उभा होता. गाडीत बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

गॅरेजवाल्याचं पहिलं वाक्य होतं, “तू टीव्ही केबलला हात लावला असणार.” मी लावला नव्हता. पण हे वाक्य नीट समजून घ्या, कारण 700आर4 च्या गिऱ्हाइकाला गप्प करायला ते फार सोयीचं आहे. टीव्ही म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह. कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी ही केबल दिसायला जुन्या किकडाउनच्या (अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की खालचा गिअर टाकणाऱ्या) तारेसारखी, पण तिचं काम वेगळं. तुम्ही अॅक्सिलरेटर किती दाबला ते ती गिअरबॉक्सला कळवते आणि त्यावर आतल्या तेलाचा दाब ठरतो. केबल कमी ओढली गेली तर दाब कमी पडतो, क्लचप्लेट घट्ट धरत नाहीत, घसरतात आणि जळतात. तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच सगळ्यात आधी जातो. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर केबलही पूर्ण ओढली गेली पाहिजे. जुन्या रोचेस्टर कार्ब्युरेटरच्या लिव्हरवर ते माप आपोआप जुळत नाही, त्यासाठीच तो ब्रॅकेट असतो. बिलात होता. गाडीवर नव्हता. केबल जुन्याच भोकात तारेनं अडकवली होती.

हे मला दुसऱ्या मेकॅनिकनं दाखवलं. हेवर्डमध्ये तो फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडतो. त्यानं गाडी वर घेतली, ऑइल पॅन जिथं बसतो त्या कडेवरचा चंदेरी रंग थिनरनं पुसला आणि खाली कोरलेला कोड वाचला. पहिला आकडा 3. म्हणजे 1983. बिलावर 1988. हा पाच वर्षांचा फरक साधा नाही, कारण 700आर4 ची सुरुवातीची वर्षं कमजोर म्हणूनच ओळखली जातात आणि पुढे त्यात बऱ्याच सुधारणा झाल्या. इनपुट शाफ्टवर सुरुवातीला 27 दात होते, नंतर 30 झाले. माझ्यावर 27 निघाले. लॉकअपच्या प्लगला वायरच नव्हती, त्यामुळे चौथ्या गिअरमध्ये कन्व्हर्टर सतत घसरत तेल तापवत राहिला. कूलर बसवलेला नव्हता. आतली सीलं दगडासारखी कडक, फिल्टर जुना, बँड (आतला ड्रम आवळून धरणारा पट्टा) झिजलेला. भंगारातून आणलेला गिअरबॉक्स उघडलाही नव्हता. ग्रीस न पुसताच त्यावर रंग मारला होता.

आता कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या लोकांनी हे लक्षात ठेवा. इथं ‘रिबिल्ट’ हा कुणीही कसाही वापरावा असा शब्द नाही. गॅरेजांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरच्या नियमांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी त्याचा अर्थ बांधून दिला आहे: सगळे भाग धुऊन तपासलेले, तेलाला वाट देणारी व्हॉल्व्ह बॉडी उघडून साफ केलेली, बँड नवे किंवा नव्यानं अस्तर लावलेले, आणि घर्षणाच्या प्लेट, सीलं, सीलिंग रिंग, गॅस्केट, फिल्टर नवे. वापरलेला किंवा रिबिल्ट भाग घातला तर बिलावर तसं लिहावं लागतं. मी हे गाडी जळल्यावर वाचलं. गॅरेजची नोंदणी ब्युरोच्या संकेतस्थळावर तपासता येते, तेही नंतर कळलं.

मी ब्युरोकडे तक्रार केली आणि छोट्या रकमेच्या दाव्यांच्या, म्हणजे स्मॉल क्लेम्स कोर्टात गेलो. तिथं वकील लागत नाही, किंबहुना चालतच नाही, आणि सामान्य माणसाला 12,500 डॉलरपर्यंत दावा करता येतो. हेवर्डच्या मेकॅनिकनं सही करून दिलेला अहवाल, कोडचा फोटो आणि एस्टिमेट एवढंच पुढे ठेवलं. निकाल माझ्या बाजूनं लागला. पैसे हप्त्याहप्त्यानं येत आहेत, तेही दर वेळी आठवण करून दिल्यावर.

पण पॉवरग्लाइड गेला. तो परत मागायचा असतो हे मला सुचलंच नव्हतं. काम देतानाच काढलेले भाग परत हवेत असं लिहून घेतलं असतं तर तो कदाचित परत मिळाला असता. “कोअर म्हणून बदल्यात गेला,” असं गॅरेजवाला म्हणाला. कोअर म्हणजे रिबिल्ट भाग घेताना बदल्यात दिलेला तसाच जुना भाग. पॉवरग्लाइड 700आर4 चा कोअर कसा होईल? दोन्ही गिअरबॉक्स पूर्ण वेगळे. साठ वर्षं ज्या इंजिनामागे तो होता, त्याच्यापासून तोडून त्यानं कुणाला तरी विकला असणार. तुमची जुनी गाडी असेल तर गिअरबॉक्स काढायच्या दिवशी स्वतः तिथं जा आणि मूळचा त्याच दिवशी घरी आणा. जागा नसेल तर पलंगाखाली ठेवा. नवा बसवण्याआधी त्याचा कोड उघड्या डोळ्यांनी वाचा, फोटो काढा, मगच पुढचे पैसे द्या.

गाडीत आता हेवर्डच्या मेकॅनिकनं नीट बांधलेला 700आर4 आहे आणि ती उत्तम चालते. बाबा मात्र परत गेले होते. प्लेझंटनला जुन्या भागांचा बाजार भरतो तेव्हा मी दर वेळी जातो आणि टेबलांखाली ठेवलेले पॉवरग्लाइड वाकून बघतो. माझ्या गिअरबॉक्सच्या पॅनवर मागच्या कोपऱ्यात पितळी झाळणाचा अंगठ्याएवढा डाग होता. कुणाला दिसला तर मला कळवा, मी मागतील ती किंमत देईन.