ग्रिड रेफरन्सवरून अंतर आणि बेअरिंग काढणारं ॲप: पाचपैकी साडेतीन

दोन ग्रिड रेफरन्स (नकाशावरच्या चौकटींवरून जागा सांगणारे आकडे) टाका, अंतर आणि बेअरिंग (उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला दिशेचा कोन) मिळवा, एवढंच काम करणारं एक छोटं ॲप गेले काही महिने वापरतोय. नाव मुद्दाम लिहीत नाही कारण पुढे थोडी तक्रार आहे आणि बनवणारा बहुतेक एकटाच माणूस असावा. फुकट आहे, जाहिराती नाहीत, नेट नसलं तरी चालतं, त्यामुळे डोंगरात रेंज गेली तरी अडत नाही. हे सगळं उत्तम.

आता मेन गोष्ट. पहिल्याच दिवशी मी 342518 वरून 371479 ला जायचं बेअरिंग मागितलं. सहा आकडी रेफरन्समधले पहिले तीन आकडे ईस्टिंग, पुढचे तीन नॉर्दिंग, म्हणजे आधी आडवं मग उभं, आणि शेवटचा आकडा 100 मीटरचा. तर ईस्टिंग 29 ने वाढलं म्हणजे 2900 मीटर पूर्वेला, नॉर्दिंग 39 ने कमी झालं म्हणजे 3900 मीटर दक्षिणेला. नकाशावर बोट ठेवलं तरी कळतं की पॉइंट खाली उजवीकडे आहे. ॲप म्हणतं 323.4 अंश! म्हणजे वर डावीकडे, बरोब्बर उलट. मला वाटलं मीच रेफरन्स उलटे टाकले, परत टाकले, तेच. मग कागदावर केलं, 29 भागिले 39 चा टॅन इन्व्हर्स (गुणोत्तरावरून कोन काढणारं फंक्शन) 36.6 येतो, आपण आग्नेयेला चाललोय म्हणून 180 मधून वजा, 143.4. ॲप बनवणाऱ्या भाऊने साधा टॅन इन्व्हर्स लावला असणार, त्याला उणे 36.6 मिळाले आणि त्यात 360 मिळवून मोकळा झाला. गंमत म्हणजे या चुकीत पॉइंट उत्तरेला असला की उत्तर बरोबर येतं आणि दक्षिणेला गेला की उलटं, त्यामुळे टेस्ट करताना त्याने सगळे पॉइंट वरचेच घेतले असतील तर त्याला कधी कळलंच नसेल. मेल टाकला, पुढच्या अपडेटला दुरुस्त झालं, त्याबद्दल खरंच कौतुक.

(स्वतः एक्सेलमध्ये करणाऱ्यांसाठी: ATAN2 (दोन्ही फरकांची चिन्हं बघून कोन देणारं फंक्शन) वापरा म्हणजे ही भानगडच नाही, पण एक्सेलमध्ये आधी नॉर्दिंगचा फरक मग ईस्टिंगचा द्यायचा, आणि बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये नेमकं उलटं. उत्तर रेडियनमध्ये येतं, त्याचे अंश करा आणि उणे आलं तर 360 मिळवा.)

अंतर मात्र पहिल्यापासून बरोबर देतं, साधा पायथागोरस, 4860.04 मीटर. आणि हेच मला सगळ्यात जास्त खटकतं. अरे बाबा, मी तुला दिलेला प्रत्येक रेफरन्स 100 बाय 100 मीटरच्या चौकोनाचा, त्याचा नैर्ऋत्येकडचा कोपरा म्हणजे तो रेफरन्स, माझी वस्तू त्या चौकोनात कुठेही असू शकते, आणि तू मला चार सेंटीमीटर सांगतोस? लांबच्या पॉइंटला चालून जातं, वरच्या उदाहरणात बेअरिंग फार तर दीडेक अंश इकडेतिकडे होईल. जवळचं घेतलं की मजा बघा. 200 मीटर पूर्व, 200 मीटर उत्तर, ॲप ऐटीत 45.0 दाखवतं, प्रत्यक्षात ते साधारण 18 पासून 72 पर्यंत काहीही असू शकतं. धुक्यात त्यावर कंपास लावून निघालात तर बसा शोधत. अशा वेळी आठ आकडी रेफरन्स काढा, तो 10 मीटरपर्यंत जातो. ॲपने निदान आकड्यांची संख्या बघून राउंड करायला हवं होतं, फार अवघड नाहीये ते.

दुसरा खड्डा 100 किलोमीटरच्या चौकोनाच्या कडेला (ग्रिड अशा मोठ्या चौकोनांत वाटलेली असते, प्रत्येकाला स्वतःची अक्षरं). तिथे ईस्टिंग 999 पर्यंत जाऊन परत 000 पासून सुरू होतं. चौकोनाची अक्षरं न टाकता 987 आणि 013 दिलं की ॲपला दोन पॉइंट 97.4 किलोमीटर लांब वाटतात, असतात 2.6. अक्षरं टाकायची सोय आहे, पण ती सेटिंगमध्ये आत कुठेतरी लपवलीये आणि न टाकल्यास साधी वॉर्निंगही येत नाही.

स्केल फॅक्टरचा (नकाशावरच्या आणि जमिनीवरच्या अंतराचं गुणोत्तर) एक टिकबॉक्स आहे, यूटीएम या ग्रिड पद्धतीसाठी, मध्य रेखांशावर 0.9996. आपल्या 4860 मीटरवर जेमतेम दोन मीटरचा फरक पडतो, सहा आकडीवाल्यांनी त्याला हातही लावू नये. त्यापेक्षा स्क्रीनवर नुसतं 'बेअरिंग' न लिहिता 'ग्रिड बेअरिंग' लिहिलं असतं तर जास्त उपयोग झाला असता. कंपासची सुई ग्रिड नॉर्थ (नकाशावरच्या उभ्या रेषांची दिशा) नाही, मॅग्नेटिक नॉर्थ दाखवते. दोन्हींमधला कोन नकाशाच्या मार्जिनमध्ये छापलेला असतो, सोबत साल आणि दरवर्षीचा बदल, तो हिशोब ॲप करत नाही, तुम्हालाच करायचाय. नवशिक्या माणूस 143 थेट कंपासवर लावणार हे नक्की, आणि एका अंशाची चूक दर किलोमीटरला साधारण साडेसतरा मीटर बाजूला नेते.

मी ठेवलंय ॲप, काढणार नाही. दहा-बारा लेगचा (टप्प्यांचा) रूट कार्ड, म्हणजे प्रत्येक टप्प्याचं अंतर आणि दिशा लिहिलेला तक्ता, भरायचा असेल तर पट्टी आणि कोनमापक घेऊन बसण्यापेक्षा कितीतरी पटकन होतं. फक्त बटण दाबायच्या आधी नकाशाच्या कडेला पेन्सिलीने 'आग्नेय, पाचेक किमी' असं लिहून ठेवतो. दीड स्टार कापला त्यातला अर्धा वॉर्निंगचा, आणि पूर्ण एक त्या 0.04 चा.