सिझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न, दादरच्या मॅटर्निटी होमचा अनुभव, 4 स्टार

आधीच सांगते, माझी दुसरी डिलिव्हरी पण शेवटी सिझरच झाली, तरी 4 स्टार देतेय आणि मनापासून देतेय.

मोठी मुलगी आता साडेतीन वर्षांची. तिच्या वेळी बाळंतपणाला माहेरी कल्याणला गेले होते, कळा मध्येच थांबल्या आणि सिझर करावं लागलं. यावेळी मला एकदा तरी नॉर्मलचा प्रयत्न करायचा होता. लालबागला घराजवळच्या दोन डॉक्टरांनी पोटावरचा टाका बघूनच नाही म्हटलं, एकदा सिझर म्हणजे पुढे सिझरच. सासूबाई पण म्हणाल्या, एकदा सुखरूप सुटलीस ना, मग कशाला विषाची परीक्षा. पाचव्या महिन्यात ऑफिसमधल्या एका ताईंनी इथलं नाव सांगितलं.

इथल्या मॅडमनी पोट बघायच्या आधी विचारलं, जुने ऑपरेशनचे पेपर कुठायत? डिस्चार्ज कार्डवर नुसतं सिझर लिहिलेलं, ते त्यांना चालेना. म्हणाल्या, वरच्या कातडीवरचा टाका आडवा असला म्हणजे आतला गर्भपिशवीवरचा छेद पण आडवाच असेल असं नसतं, उभा असेल तर मी तुला कळा येऊच देणार नाही. मग माझा भाऊ कल्याणच्या त्या हॉस्पिटलमध्ये तीन चकरा मारून, रेकॉर्डवाल्याशी भांडून एक झेरॉक्स घेऊन आला, पावसात भिजू नये म्हणून दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली. मॅडमनी त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं, खालच्या भागात आडवा छेद, आणि म्हणाल्या, चल, आता बोलू.

आणि खरंच बोलल्या, चांगला अर्धा तास. मिस्टरांना पण आत बसवलं. प्रयत्न करणाऱ्या 100 बायकांमधल्या साधारण 60 ते 80 जणींना नॉर्मल जमतं, पण तुझं पहिलं सिझर कळा थांबल्यामुळे झालंय आणि आधी एकही नॉर्मल नाही, म्हणून तू खालचा आकडा धर. जुना टाका उसवून पिशवी फाटायचा धोका साधारण 200 मध्ये 1, ऐकायला कमी वाटतं पण ज्या बाईचं होतं तिचं आणि बाळाचं जिवावर बेततं. आणि कळा देऊन मग सिझर करावं लागलं तर ते आधी ठरवून केलेल्या सिझरपेक्षा जास्त त्रासाचं, इन्फेक्शन वगैरे. एकदा सिझर कायम सिझर हे वाक्य 1916 सालचं आहे हे पण त्यांनीच सांगितलं, तेव्हा छेद उभा घ्यायचे म्हणून ते बरोबर होतं. नॉर्मलचं आणि सिझरचं, दोन्ही पॅकेजचे आकडे त्याच दिवशी कागदावर लिहून दिले.

कळा याव्यात म्हणून गोळी ठेवायची नाही, जुना टाका असताना ती धोक्याची, हे ठरलेलं होतं. 40 आठवडे होऊन वर तीन दिवस गेले तेव्हा पहाटे 3 ला कळा सुरू झाल्या. धो धो पाऊस, टॅक्सी मिळेपर्यंत जीव गेला. पोचल्यावर लगेच पोटाला बाळाचे ठोके मोजायचा पट्टा लावला, रक्त सांगून ठेवलं, भूलतज्ञ बिल्डिंगमध्येच होते. त्या पट्ट्याचं मशीन सतत टर्र टर्र करत कागद सोडत होतं आणि एक सिस्टर स्टूल घेऊन त्या कागदापाशीच बसलेली, दर थोड्या वेळाने पेनाने खूण करायची. मला वाटलं होतं टाक्याला काही झालं तर तिथे दुखेल, पण तिने सांगितलं की बऱ्याचदा आधी बाळाचे ठोके बिघडतात, दुखणं मागून येतं, म्हणून पट्टा काढायचा नाही. मावशी कंबर चोळत होत्या, त्यांचे हात मी विसरणार नाही.

दुपारी दोनच्या सुमाराला पिशवीचं तोंड 7 सेंटीमीटर उघडलं होतं. मला वाटलं जमतंय. मग एका कळेनंतर ठोके 80 वर आले आणि वर यायला वेळ लावायला लागले, पुढच्या कळेला परत तेच. मॅडमनी कागद बघितला, माझा हात धरला आणि म्हणाल्या, बाळा, इथे थांबायचं. वीस मिनिटांत मुलगा बाहेर, 3 किलो 100, जोरात रडला. त्याचा आवाज ऐकून मी पण रडले. नंतर मॅडमनी सांगितलं, जुना टाका कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ झाला होता, फाटला नव्हता.

मला वाईट वाटलंच, खोटं का बोलू. पण दुसऱ्या दिवशी मॅडम खुर्ची ओढून बसल्या आणि तो कागद माझ्यासमोर धरून कुठे काय झालं ते दाखवलं. नशीब तुझं असं कोणी म्हणालं नाही.

एक स्टार कापला तो ओपीडीसाठी. नऊ महिन्यांच्या बायकांना अपॉइंटमेंट असून दोन दोन तास बाकड्यावर बसवतात, पंखा एकच, लिफ्ट इतकी छोटी की व्हीलचेअर जेमतेम मावते. नवीन आईला दूध पाजायला शिकवायला पण रात्री कोणी नसतं, हे त्यांनी खरंच सुधारावं.

निघताना न मागता ऑपरेशनचा पूर्ण पेपर फाइलला लावून दिला, छेद कसा, टाका किती पातळ होता, शिवलं कसं, सगळं, आणि खाली लाल पेनाने, पुढच्या वेळी कळांची वाट बघायची नाही. मी त्याच्या तीन झेरॉक्स काढल्यात, एक कल्याणला आईकडे ठेवलीय.