जुन्या पिकअपच्या पुढच्या चाकांचं काम: आठ महिन्यांनंतर

काल पुढचे दोन्ही टायर खोलून उताणे टाकले आणि नक्षीवरून आतून बाहेर, बाहेरून आत हात फिरवला. कुठेच बोटाला धार लागली नाही. मार्चमध्ये काम झाल्यापासून गाडी 14,000 किलोमीटर चालली आहे. त्याआधीचा डावा टायर साडेचार महिन्यांत गेला होता. बाहेरून बघितला तर नक्षी शाबूत, आणि आतल्या कडेला तार उघडी पडलेली. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गाडी 2009 ची. पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई), मागे पाटे. सीझनमध्ये नारायणगावहून टोमॅटोचे साठेक क्रेट भरून आळेफाटा, माळशेज, मुरबाडमार्गे वाशी मार्केट. आपल्याकडे रस्त्याचा ढाळ डावीकडे असतो, त्यामुळे स्टेअरिंग सैल सोडलं तर गाडी जराशी डावीकडेच जाते. आमची मात्र उजवीकडे, समोरून येणाऱ्या गाड्यांच्या अंगावर जायची. घाटात भरलेल्या गाडीला सतत डावीकडे धरून ठेवायचं म्हणजे खांदे भरून यायचे.

तीन वेळा अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन मशीनवर जुळवून घेतले. दर वेळी टो (दोन्ही चाकांची तोंडं पुढून आत की बाहेर) सेट करून कागद हातात द्यायचे. डाव्या चाकाचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, उणे 2 अंश, लाल अक्षरांत छापलेला, विचारलं की उत्तर ठरलेलं, "जुन्या गाडीला एवढं चालतं." नाही चालत. चाक वरून आत झुकलं की टायर आतून खातं आणि गाडी दुसऱ्या बाजूला ओढते. आमच्या दोन्ही तक्रारी त्या एका आकड्यात होत्या.

आमच्या जुन्या मिस्त्रीकाकांनी मशीनकडे न नेता आधी जॅक लावला, तोही चेसिसखाली नाही, लोअर आर्मच्या (चाक चेसिसला जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) खाली, चाकाच्या जवळ. टॉर्शन बारचा जोर लोअर आर्मवर असतो. चेसिस उचलली तर तो जोर बॉल जॉइंटला, म्हणजे आर्म आणि चाकामधल्या गोळीच्या सांध्याला, ताणून धरतो आणि झिजलेला जॉइंटही घट्ट वाटतो. मग टायरखाली पहार घालून वर दाबली, तर टक्क आवाज. चाक वर-खाली धरून हलवलं, तरी प्ले, म्हणजे ढिलेपणा. मला ब्रेक दाबायला लावून पुन्हा हलवलं, प्ले तेवढाच. म्हणजे बेअरिंग ठीक, बॉल जॉइंट गेलेला. डाव्या-उजव्या बाजूने हलवल्यावर आयडलर आर्मही (स्टेअरिंगच्या दांड्यांना दुसऱ्या बाजूने आधार देणारा) सैल निघाला.

खरी गोष्ट अप्पर आर्मच्या बुशमध्ये, म्हणजे वरच्या दांड्याच्या सांध्यातल्या रबरात होती. ते बुश आदल्या वर्षीच एका गॅरेजमध्ये बदलले होते आणि दोन महिन्यांत फाटले होते. मी खराब माल म्हणून सोडून दिलं होतं. काकांनी फाटलेला बुश हातावर ठेवला. रबर एकाच दिशेने पिळून चिरलं होतं. "हवेत आवळलाय हा, दादा. गाडी चाकावर उभी राहिल्याशिवाय शेवटचा आवळा द्यायचा नाही." आर्म लोंबकळत असताना बोल्ट आवळला, की गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं, आणि प्रत्येक खड्ड्यात त्याच्यावर आणखी पीळ बसतो. नवे बुश नुसते बसवून त्यांनी गाडी खाली घेतली, थोडी पुढे-मागे चालवली, पुढून दाबून उड्या मारायला लावल्या आणि मग खाली शिरून आवळले. या एका गोष्टीसाठी मी त्यांचा कायम ऋणी राहीन.

मग उंची. सपाट फरशीवर, दोन्ही टायरांत सारखी हवा भरून, हबच्या मधोमधपासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावली. डावी बाजू 18 मिलिमीटर बसलेली. डावं चाक रोज साइडपट्टीवरून खाली-वर होतं, त्यामुळे नवल नाही. टॉर्शन बारच्या मागच्या बोल्टने दोन्ही बाजू सारख्या केल्या, मूळ उंचीपेक्षा एक सूतही जास्त नाही. काही जण भार जास्त घेता यावा म्हणून तो बोल्ट आवळत जातात. बार त्याने कडक होत नाही, फक्त गाडी वर उचलली जाते आणि चाक खाली जायला जागा उरत नाही, म्हणून आदळते.

त्यानंतर मशीन. अप्पर आर्मच्या शाफ्टच्या दोन्ही बोल्टांशी असलेल्या पत्र्या (जाडी भरायच्या शिम) सारख्या बदलल्या की कॅम्बर हलतो, कमी-अधिक बदलल्या की कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल. टो सगळ्यात शेवटी, कारण वरचं काहीही हललं की टो बदलतोच. पत्र्यांना हात लावायला तयार असलेला माणूस शोधायला मला दोन ठिकाणी फिरावं लागलं. बॉल जॉइंट, बुश, आयडलर आर्म, मजुरी आणि अलाइनमेंट धरून साडेअकरा हजार लागले. त्याआधी टायरांवर याहून जास्त घातले होते.

फरक पहिल्याच फेरीत कळला. माळशेजच्या वळणातून बाहेर पडताना स्टेअरिंग आपसूक सरळ येतं. आधी ते हाताने आणावं लागायचं. जुलै-ऑगस्टच्या पावसात, धुक्यात गाडी आपल्या लेनमध्ये राहते हा भरवसा फार मोठा आहे. टो मी दोन महिन्यांनी घरीच बघतो: चाक फिरवत खिळ्याने टायरवर रेघ मारायची, गाडी थोडी पुढे ढकलायची आणि दोन रेघांमधलं अंतर पुढून आणि मागून टेपने मोजायचं. मार्चमध्ये फरक 2 मिलिमीटर होता, आता 3 आहे.

तो वाढलेला एक मिलिमीटर आयडलर आर्मचा. तेवढा एक पार्ट मी स्वस्तातला घेतला, आणि सहाव्या महिन्यापासून तो परत हलायला लागलाय. बॉल जॉइंटला महिन्यातून एकदा ग्रीसगन लावतो, ते अजून घट्ट आहेत, बुशला चीर नाही. सोमवारी आयडलर आर्म बदलतोय, या वेळी चांगला. त्यानंतर टो पुन्हा सेट करून घेईन. पत्र्यांना हात लावायची गरज नाही.