फिरतं खुराडं की पक्कं? घरात म्हातारा कुत्रा असेल तर

परसात चार-पाच कोंबड्या ठेवायचं तुमचं ठरलंय, घरचा कुत्रा उतारवयाला लागलाय आणि अडलंय ते खुराड्यावर, असं गृहीत धरतो. मी दोन्ही प्रकार वापरले आहेत. आधी वर्षभर चाकांचं हलकं खुराडं, रोज दोन पावलं पुढे ढकलायचं. आता एकाच जागी पक्कं बांधलेलं, पुढे जाळीचं आवार. दोन्ही वेळी कोंबड्या चारच होत्या. कुत्राही तोच: मोत्या, वय १३.

नुसत्या कोंबड्यांचा विचार केला तर फिरतं खुराडं सरस, हे आधीच सांगतो. रोज नवं गवत, नवे किडे. शिट एका जागी साचत नाही, जमिनीला आपोआप खत मिळतं. हिरवा पाला पोटात गेला की बलक गर्द होतो, तो फरक ताटलीत दिसायचा. मोत्याचे डोळे शाबूत असते तर आजही मी तेच ढकलत असतो.

पण त्याला मोतीबिंदू आहे. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या डोळ्यांत निळसर झाक येते, त्यात बहुतेकांना बऱ्यापैकी दिसतं. मोतीबिंदूची गोष्ट वेगळी. असा कुत्रा अंगण पाठ करून चालतो. पायरीपासून नळ, नळापासून झाड, झाडाखाली लघवी, आणि त्याच वाटेने परत. त्या वाटेत मी रोज एक लाकडी पेटी नव्या जागी उभी करत होतो.

एका सकाळी जाळीचा खणकन आवाज आला म्हणून बाहेर गेलो. मोत्या खुराड्याच्या कोपऱ्याशी उभा होता, नाकाला खरचटलेलं, पुढचा एक पाय अधांतरी. आत कोंबड्यांचा नुसता फडफडाट. तो ओरडला नाही, नुसता उभा राहिला, आता कुठे जायचं ते कळत नसल्यासारखा. त्यानंतर तो पायरी उतरेना. लघवी धरून ठेवायचा, शेवटी पायरीवरच व्हायची. सांधे धरले असतील म्हणून मी पाय शेकत बसलो. पुढे पावसामुळे आठवडाभर खुराडं हलवता आलं नाही, तेव्हा तो हळूहळू उतरायला लागला, आणि मग माझ्या लक्षात आलं. त्याच आठवड्यात माझा निर्णय झाला.

दुसरी कटकट शिटेची. खुराडं पुढे सरकलं की मागे शिटेचा ओला चौकोन राहतो, आणि कुत्र्याला ती खायला आवडते. मोत्याच्या शौचाच्या तपासणीत एकदा कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) दिसले. घरी कोंबड्या आहेत का, हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता. कोंबडीचे कॉक्सिडिया कुत्र्याला बाधत नाहीत, ते नुसते पोटातून पुढे जातात, म्हणून औषध लागलं नाही. साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूचं मात्र तसं नाही, तो कुत्र्यालाही होऊ शकतो आणि हाताळणाऱ्या माणसालाही. पक्क्या आवारात ही घाण निदान जाळीच्या आत राहते. दाण्याचंही तेच. अंड्यांवरच्या कोंबड्यांच्या खाद्यात साधारण साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. सांडलेले चार दाणे खाल्ल्याने काही होत नाही, पण कुत्र्याने रोज त्यावर ताव मारणं बरं नाही.

पक्क्याला कामं जास्त, हे खरं. तळाला सुका पाला आणि लाकडाचा भुसा जाड पसरावा लागतो, वरखाली करत राहावा लागतो. शिटेच्या वासाने नाक चुरचुरलं की समजायचं, उशीर झाला. लाकडाच्या फटींत लाल माइट नावाचे बारीक किडे दडतात, रात्री बाहेर येऊन कोंबड्यांचं रक्त पितात आणि जवळ झोपलेल्या कुत्र्यालाही चावतात, म्हणून मोत्याचं अंथरूण मी खुराड्यापासून लांब ठेवतो. जाळी घेताना षटकोनी पातळ जाळी टाळा. ती कोंबडीला आत ठेवते, पण शिकारी जनावराला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाच्या भोकांची वेल्डेड जाळी घ्या आणि फूटभर जमिनीत गाडा. कुत्रा राखण करील यावर विसंबू नका. मोत्याला आता ऐकूही कमीच येतं.

कोंबड्यांना मोकळं फिरणं लागतंच. सूर्य मावळायच्या तासभर आधी मी दार उघडतो, तेवढा वेळ मोत्या घरात. अंधारात त्यांना दिसत नाही, त्यामुळे तिन्हीसांजेला त्या आपण होऊन आत येतात. त्या तासात धूळस्नानासाठी उकरलेले खड्डे तेवढे बुजवायचे. म्हाताऱ्या पायाला तो खड्डा पुरतो.

तुमचं अंगण मोठं असेल, कुत्र्याला नीट दिसत असेल, तर फिरतं खुराडं घ्यायला माझी हरकत नाही. फक्त कुत्र्याची वाट सोडून पलीकडच्या अर्ध्यातच ते फिरवा. पण नजर अधू व्हायला लागली असेल तर मी पक्कंच सुचवीन, आणि तेही लवकर, त्याला थोडंफार दिसतंय तोवर, म्हणजे नवी वाट तो डोळ्यांनी पाठ करील.

मोत्याला ती पाठ व्हायला दहाएक दिवस लागले. आता सकाळी तो पायरी उतरतो, जाळीला खांदा लावतो आणि घासत घासत नळापर्यंत जातो. आतून ठिपक्यांची कोंबडी दाण्याच्या आशेने त्याच्याबरोबर चालते. जाळी संपली की तो क्षणभर थांबतो, डावीकडे वळतो आणि थेट झाडाखाली जातो.