सेप्सिसची चाहूल: स्कोअरचा चार्ट की सॉफ्टवेअर?

सेप्सिसचा, म्हणजे इन्फेक्शनला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागण्याचा, इशारा देणारं सॉफ्टवेअर घ्यावं का, हा प्रश्न आता दहा-बारा बेडच्या आयसीयूतही विचारला जातो. 'सहा तास आधी कळेल' असं विक्रेता सांगतो. सही करण्याआधी दोन्हीकडचं बघून घ्या.

आधी कागदावरचे स्कोअर. सिर्स हा १९९२ पासूनचा: ताप, नाडी, श्वास, पांढऱ्या पेशी. त्यात आयसीयूतला जवळजवळ प्रत्येकजण बसतो, कालच पोटाचं ऑपरेशन झालेलासुद्धा. एवढं करून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या २०१५ च्या मोठ्या अभ्यासात गंभीर सेप्सिसचा आठातला एक पेशंट त्यातून निसटलाच. २०१६ चा क्यूसोफा हा स्कोअर बोटांवर मोजता येतो: श्वास मिनिटाला २२ किंवा जास्त, वरचं बीपी १०० किंवा कमी, शुद्धीत फरक, तिनांतले दोन. पण तो जुळेपर्यंत अनेकदा उशीर झालेला असतो, म्हणूनच सेप्सिसच्या उपचारांसाठी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेनने २०२१ मध्ये एकट्या क्यूसोफावर विसंबू नका असं सांगितलं. ब्रिटनचा न्यूज-२ (नाडी, श्वास, बीपी, ऑक्सिजन वगैरेंना गुण देणारा स्कोअर) वॉर्डात मला सर्वांत उपयोगी वाटतो.

आयसीयूत मात्र हे सगळेच अडखळतात. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचा श्वास मशीन ठरवतं, शुद्ध सिडेशन (गुंगीचं औषध) ठरवतं, बीपी नॉरअॅड्रेनलिन हे रक्तदाब वाढवणारं औषध धरून ठेवतं आणि डायलिसिसच्या मशीनमधून फिरताना रक्त गार होतं, त्यामुळे तापही दिसत नाही. चार्ट शांत आणि पेशंट आतून ढासळतोय. इथे सोफा हा स्कोअर कामाचा, कारण तो अवयव बघतो: फुप्फुस, प्लेटलेट, बिलिरुबिन, रक्तदाब आणि त्यासाठी लागणारं औषध, मेंदू, किडनी. गुण २ नी वाढले आणि इन्फेक्शनचा संशय असेल तर सेप्सिस धरायचा. त्याची अडचण एवढीच की त्याला लॅबचे रिपोर्ट लागतात आणि ते बहुधा सकाळी येतात. समजा, रात्री ११ ला नॉरअॅड्रेनलिनचा पंप ताशी ४ मिलीवर होता, ३ वाजता ९ वर आहे, लघवी कमी झालीय. हे सिस्टरच्या लक्षात आलं तर लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडतंय का हे सुचवणारी रक्ततपासणी) आणि कल्चर (जंतू शोधण्याची तपासणी) तेव्हाच जातं.

सॉफ्टवेअरची खरी ताकद इथेच आहे. ते न थकता दर तासाला सगळे आकडे एकत्र बघतं. पण दोन अनुभव शेजारी ठेवा. अमेरिकेत शेकडो हॉस्पिटलांत वापरलेलं एपिक या सॉफ्टवेअर कंपनीचं सेप्सिस ओळखणारं मॉडेल मिशिगन विद्यापीठाच्या हॉस्पिटलात तपासलं गेलं आणि निकाल २०२१ मध्ये आला: सेप्सिसचे ६७ टक्के पेशंट त्याच्या हातून सुटले, तरी दाखल झालेल्यांपैकी १८ टक्क्यांवर इशारा वाजला. उलट अमेरिकेतल्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सुची सारिया यांच्या गटाचं ट्र्यूज हे सॉफ्टवेअर पाच हॉस्पिटलांत चाललं. ज्या सेप्सिस-पेशंटच्या इशाऱ्याची तीन तासांत दखल घेतली गेली, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण ३.३ टक्के-बिंदूंनी कमी दिसलं (२०२२). मात्र तो चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला अभ्यास नव्हता, म्हणून सगळं श्रेय मॉडेलला देता येत नाही. शिवाय 'दखल घेतली' हे शब्द विसरू नका. रात्री आरएमओ (ड्युटीवरचा निवासी डॉक्टर) एकटाच असेल आणि तो दुसऱ्या बेडवर पेशंटच्या श्वासनलिकेत नळी घालत असेल, तर इशारा कोण बघणार?

दुसरी अडचण आत जाणाऱ्या आकड्यांची. मी रात्रभर श्वास '२०, २०, २०' लिहिलेले किती चार्ट पाहिलेत! छातीवर हात ठेवून पूर्ण मिनिटभर मोजला तर ३२ निघतो. मॉडेलला २० च दिसणार.

माझं मत स्पष्ट आहे. चार्ट अजून हाताने भरला जात असेल, तर यंदाचे पैसे सॉफ्टवेअरवर घालू नका. रात्रीच्या पाळीला एक सिस्टर वाढवा, लॅक्टेट चोवीस तास मिळेल अशी सोय करा आणि सोफा दिवसातून दोनदा काढा. मॉनिटर आणि लॅब आधीच कॉम्प्युटरला जोडलेले असतील, तर सॉफ्टवेअरचा विचार जरूर करा. पण विक्रेत्याला विचारा: अँटिबायोटिकची ऑर्डर हे तुमच्या मॉडेलला दिलेल्या माहितीत आहे का? असेल, तर डॉक्टरला आधीच आलेला संशय ते परत सांगतंय. आणि गेल्या सहा महिन्यांच्या तुमच्याच पेशंटवर ते गुपचूप चालवून बघा: पहिल्या अँटिबायोटिकच्या आधी किती वेळा वाजलं, आणि एका पाळीत किती वेळा उगाच.