‘जंतांचे तीन डोस झालेत’ म्हणून विकलेलं पिल्लू

पुण्यात एका घरगुती ब्रीडरकडून आम्ही लॅब्रॅडॉरचं पिल्लू घेतलं. सोबत छापील कार्ड मिळालं: वय आठ आठवडे, जंतांचं औषध तीन वेळा, पहिली लस झालेली. ‘डॉक्टरचा खर्च’ म्हणून या कार्डाचे त्यानं दोन हजार वेगळे घेतले. त्यावरचा सगळा मजकूर बनावट निघाला.

पिल्लाचं पोट टम्म होतं, फासळ्या मात्र हाताला लागत होत्या. ‘आईचं दूध भरपूर प्यालंय,’ असं तो म्हणाला. घरी आल्यावर शी डांबरासारखी काळी व्हायला लागली, पिल्लू कोपऱ्यात पडून राहायला लागलं. फोन केला तर सल्ला मिळाला, ‘दुधातून लसूण द्या, आणि माझ्याकडची आयुर्वेदिक जंतनाशकाची बाटली पाठवतो, आठशे रुपये.’ लसणानं कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. ज्याचं रक्त आधीच जंत पीत आहेत, त्याला हा उपाय सांगणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. गुलाबी असायला हव्यात, त्या पांढऱ्याफटक होत्या. मग दात पाहिले. दुधाच्या दाढा जेमतेम डोकावत होत्या, म्हणजे वय पाच आठवड्यांच्या आसपास. शी सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर गोलकृमी आणि अंकुशकृमी, दोन्हींची अंडी.

इतक्या लहान पिल्लाला जंत कुठून, तर आईकडूनच. कुत्रीच्या शरीरात सुप्त पडलेल्या गोलकृमीच्या अळ्या गाभणपणात जाग्या होतात आणि नाळेतून पिल्लात उतरतात. अंकुशकृमी दुधातून येतात, आतड्याला चिकटून रक्त पितात, आणि लहान पिल्लू त्यानं दगावूही शकतं. म्हणून औषध दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करून आठव्यापर्यंत दर दोन आठवड्यांनी, पुढे सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला द्यायचं असतं. आमच्या पिल्लाला सलाईन, लोहाचं औषध आणि वजन करून पायरँटेल हे जंतनाशक दिलं. दोन आठवड्यांनी पुन्हा डोस, कारण शरीरात फिरणाऱ्या अळ्या पहिल्या डोसातून सुटतात आणि मागाहून आतड्यात येऊन मोठ्या होतात. पहिल्या डोसानंतर दुसऱ्याच दिवशी शीतून लांब पांढरे जंत पडले. ब्रीडरला कळवलं तर उलट आम्हालाच ऐकवलं, ‘बघा, डॉक्टरच्या औषधानंच जंत झाले.’ औषध लागू पडलं की ते असेच बाहेर पडतात.

कार्ड पुन्हा नीट पाहिलं तेव्हा सगळ्या नोंदी एकाच पेनानं, एकाच हातानं लिहिलेल्या दिसल्या. लसीच्या कुपीवरचा बॅच नंबरचा स्टिकर नव्हता, जंतांच्या औषधाचं नाव नव्हतं, त्या दिवशीचं वजन नव्हतं, पशुवैद्यकाचा नोंदणी क्रमांक नव्हता. कोऱ्या कार्डावर कुणीही काहीही लिहू शकतं. पिल्लू घेताना या चार गोष्टी मागा, शिवाय ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडची नोंदणी मागा. २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार ती लागते, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. कार्ड कितीही चांगलं दिसलं तरी पहिल्याच आठवड्यात ताज्या शीचा नमुना घेऊन पशुवैद्यकाकडे जा. एकाच औषधानं सगळं मरतही नाही: पिसवांमधून येणाऱ्या पट्टकृमीला प्राझिक्वांटेल लागतं, आणि जिआर्डिया तर जंतच नव्हे, तो आतड्यातला एकपेशी परजीवी, त्याचा इलाज वेगळा.

घरात रांगतं मूल असेल तर शी रोजच्या रोज उचला. गोलकृमीची अंडी मातीत पडून दोन-तीन आठवड्यांत संसर्गजन्य होतात, मग वर्षानुवर्षं टिकतात. ती तोंडावाटे मुलाच्या पोटात गेली तर अळ्या डोळ्यापर्यंत पोचू शकतात.

आमचं पिल्लू आता सावरतंय. ब्रीडरनं आमचा नंबर ब्लॉक केलाय, आणि त्याच वेतातली बाकीची पिल्लं विकली गेली आहेत. अशा कार्डावर पुण्यात नुकतंच पिल्लू घेतलं असेल तर त्याचा ओठ वर करून हिरड्या बघा. फिकट दिसल्या तर उद्यावर ढकलू नका, आजच दवाखान्यात न्या.