बर्फाच्या टाकीतली चाचणी: घ्याच, पण दाबाच्या नकाशांवर विसंबू नका

आमच्या पुरवठा जहाजाचं १:२० मॉडेल बर्फाच्या टाकीत, म्हणजे पाणी गोठवून त्या बर्फातून मॉडेल चालवतात अशा प्रयोगशाळेतल्या हौदात, तपासून घेतलं. काम मन लावून केलेलं आहे. एक तक्रारही आहे, म्हणून संस्थेचं नाव देत नाही.

सगळ्यात आवडली ती बर्फाची निगा. ८० सेंटिमीटरचा समुद्री बर्फ टाकीत ४ सेंटिमीटरचा करायचा, तर त्याची ताकदही वीस पटींनी उतरवावी लागते: ५०० किलोपास्कलच्या जागी २५. साध्या पाण्याचा बर्फ इतका कमजोर होत नाही, म्हणून खारं पाणी गोठवतात आणि मग हवा जरा उबदार करून तो मऊ पडू देतात. फेरीआधी तंत्रज्ञाने करवतीने बर्फातच जिभेसारखी पट्टी कापली, मूळ तसंच जोडलेलं ठेवलं आणि मोकळं टोक दाबून मोडलं. ताकद ३१ निघाली. त्यांनी फेरी सरळ थांबवली. दोन तासांनी नवी पट्टी मोडली, २६ आली, तेव्हाच मॉडेल ओढणारा गाडा हलला.

तिरकी नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, बर्फाला खाली वाकवून मोडते, कारण चिरडण्यापेक्षा वाकवून मोडायला खूप कमी जोर लागतो. हे गणितात होतंच. पाण्याखालच्या कॅमेऱ्याने मात्र वेगळंच दाखवलं: मोडलेले तुकडे तळाला घासत मागे गेले आणि इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी जिथून आत घेतो, नेमके त्या तोंडाशी साचले. ते तोंड आता आम्ही हलवलं आहे. एवढ्यानेच पैसे वसूल झाले.

तक्रार अहवालाची. मॉडेलवर चिकटवलेल्या सेन्सरच्या चादरीवरून दाबाचे रंगीत नकाशे काढून त्यावरून पत्र्याची जाडी सुचवली होती. हे मला अजिबात पटलं नाही. टाकीतला मऊ बर्फ दबतो. खरा बर्फ ठिसूळपणे फुटतो आणि छोट्याशा जागेवर प्रचंड दाब आणतो. पत्रा आणि फ्रेम आम्ही पोलर क्लासच्या, म्हणजे ध्रुवीय बर्फात चालणाऱ्या जहाजांच्या, नियमांनीच ठरवल्या, नाळ बर्फाला तिरकी आदळते असं धरून.

उभ्या भिंतीच्या प्लॅटफॉर्मसाठी तर जास्तच जपा. १९८६ साली ब्यूफोर्ट समुद्रात मोलिकपाक या पोटात वाळू भरलेल्या तेल-प्लॅटफॉर्मच्या भिंतीवर बर्फ ठरावीक लयीत चिरडत गेला, अख्खी रचना हादरली आणि पोटातल्या वाळूत पाण्याचा दाब चढला.

कच्च्या नोंदी मागितल्यावर तीन आठवड्यांनी मिळाल्या. त्या करारातच लिहून घ्या. उलट्या दिशेने बर्फ फोडायच्या फेऱ्या आम्ही पुन्हा याच टाकीत घेतोय.